मीनाबाईंचं हाड का धरलं नाही

तंबाखू खाणारा माणूस शेजारी येऊन बसला, की मीनाबाई शिवशरण एसटीत उठून उभ्या राहत. वळसंगपासून सोलापूरपर्यंत उभ्या राहत. पाय भरून आले तरी चालेल, पण त्या वासात बसायचं नाही. आणि आपण का उभ्या आहोत, हे सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. "ह्येंनी तोंडाची गटार करायची, आन आमी नाक दाबून बसायचं व्हय?" तो बिचारा पुढच्याच थांब्यावर उतरून जायचा, त्याचं गाव आलेलं असो की नसो.

मीनाबाई वळसंगजवळच्या एका वस्तीवर अंगणवाडी सेविका होत्या. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी पोरांची वजनं केली, खिचडी शिजवली, आयांना दटावून लशी टोचवून घेतल्या. कामाला चोख, यात वाद नाही. पण सगळ्यात जीव कशात होता, तर व्यसनमुक्तीच्या भाषणात. त्यासाठी सरकारातून एक रंगीत तक्ता आला होता. एका बाजूला काळं फुप्फुस, दुसऱ्या बाजूला सडलेला जबडा. तो तक्ता काखेत मारून बाई घरोघर जायच्या. जेवायला बसलेल्या माणसासमोर जबडा उलगडायच्या. एका बाळंतिणीला तो बघून चक्कर आली होती, आणि ही गोष्ट मीनाबाई बक्षीस मिळाल्यासारखी सांगत.

आता यातली गंमत सांगायला हवी. ही बाई दिवसातून तीनदा मिश्री लावायची.

मिश्री म्हणजे काय, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, वाटून डबीत भरायची, आणि बोटावर घेऊन दातांना घासायची. भाजताना असा ठसका उठतो, की निवृत्तीनंतरच्या, जुळे सोलापुरातल्या त्यांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तवा तापला तर तळमजल्यावर लोक खोकायचे. सून चैताली खिडक्या उघडत फिरायची. मीनाबाई तेराव्या वर्षी दाढ दुखली म्हणून आईच्या डबीतली चिमूट लावायला शिकल्या, आणि ती डबी त्यांनी मग खाली ठेवली नाही. सकाळी अर्धा तास, दुपारी जेवणावर, संध्याकाळी पुन्हा. सकाळची मिश्री झाल्याशिवाय त्यांचं पोट साफ होत नसे, आणि पोट साफ झाल्याशिवाय घरातल्या कुणाला सुखाचा चहा मिळत नसे.

ही तंबाखूच आहे, असं त्यांना कधी कुणी म्हणालं नव्हतं असं नाही. अंगणवाडीची मदतनीस बसव्वा एकदा भीत भीत म्हणाली होती. मीनाबाईंनी तिला तिथल्या तिथे गप्प केलं. "आमी खातोय व्हय? दात घासतोय. घासून थुकतोय. साबण लावून आंघोळ केली म्हंजी काय साबण खाल्ला का?" बसव्वाला ते पटलं. बाकीच्या वस्तीलाही पटलं, कारण निम्म्या बायांच्या कनवटीला तीच डबी होती, आणि आपल्या डबीला बाईंनी व्यसनाच्या यादीतून सोडवलं याचा त्यांना आनंदच होता. भाषणाला म्हणून तर एवढी गर्दी व्हायची. शिव्या सगळ्या पुरुषांना, टाळ्या सगळ्या बायांच्या.

त्या भाषणात एक गोष्ट ठरलेली असे. ती मीनाबाईंच्या नवऱ्याची, नागनाथ शिवशरण यांची. नागनाथ सूतगिरणीत फिटर होते. कमी बोलणारा, हाताला काम असलेला माणूस. दोष एकच, खिशात तंबाखूची पिशवी आणि चुन्याची डबी. एका वर्षी ३१ मेला, तंबाखूविरोधी दिनाच्या सभेत कुणीतरी मागून ओरडलं, "बाई, आदी घरातलं बघा की!" मीनाबाई त्या दिवशी घरी आल्या त्या कढईसारख्या तापून. दुसऱ्या दिवसापासून नागनाथांनी तंबाखू बंद केली. अकरा दिवस बंद ठेवली. पुढचं मीनाबाई भाषणात असं सांगायच्या: "अकरा दिवस! मी तर हसूनच म्हणलं, किती दिवसाचं सोंग हाय ह्ये? झालं की. बाराव्या दिवशी पिशवी परत खिशात! अवो, सोडायला काय लागतंय? पिशवी उचलायची, उकिरड्यावर टाकायची, संपलं. पन त्याला माणूस लागतो." सभा खदखदा हसायची. नागनाथ त्या सभेला कधी मागे बसलेले असत, कधी नसत. ही गोष्ट बाईंनी वीस वर्षं सांगितली आणि वीस वर्षं लोक हसले.

निवृत्तीनंतर दोघं मुलाकडे, प्रदीपकडे, जुळे सोलापूरला राहायला आले. प्रदीप जिल्हा परिषदेत कारकून. आईपुढे त्याची मान जी लहानपणी खाली गेली ती अजून वर आलेली नाही. फ्लॅटमध्ये मीनाबाईंनी पहिल्याच दिवशी नियम लावले. तंबाखूची पिशवी घरात उघडायची नाही. ती दाराजवळच्या चपलांच्या कपाटात राहील. खायची असेल तेव्हा गॅलरीत, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून. आणि तंबाखूबद्दल घरात एक शब्दही काढायचा नाही, चांगला नाही की वाईट नाही. नागनाथांनी मान हलवली. चपलांच्या वरच्या फळीवर त्यांची पिशवी, आणि मानाच्या जागी, बुद्धमूर्तीच्या खालच्या खणात, बाईंची मिश्रीची डबी. घरात कुणालाही यात वावगं दिसलं नाही. सवयीपुढे डोळे काय करणार?

कॉलनीत विहार होता. रविवारी सकाळी वंदना व्हायची आणि ती मीनाबाई सांगायच्या, बाकीचे मागून म्हणायचे. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, माईकची गरज नाही. पाचवं शील आलं, नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचं, की त्या जरा थांबत. मागे वळून पुरुषांच्या शेवटच्या रांगेकडे बघत, जिथे नागनाथ बसलेले असत. मगच पुढे जात. कॉलनीतली शहाणी माणसं त्या वेळी डोळे मिटून घ्यायची.

आणि मग त्यांचे दात गेले. वरचे, पुढचे, दोन.

कडक भाकरी त्या कधी भिजवून खात नसत. आमटीत बुडवून खाणाऱ्यांना त्या "बाळंतीण" म्हणत. मागच्या उन्हाळ्यात अशीच एक भाकरी त्यांनी कडाडून मोडली आणि भाकरीबरोबर दातही हातात आला. पंधरा दिवसांनी शेजारचा गेला. सोबतीला गेला म्हणू या. रविवारी विहारात त्यांनी वंदना सुरू केली आणि पहिल्याच ओळीला तोंडातून शिट्टी वाजली. "स" आला की शिट्टी, "थ" आला की फुंकर. पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांच्या पाठीत तोंड खुपसून हसली. तिसऱ्या रविवारी बँकेत नोकरी करणारी संघप्रिया हळूच जवळ आली. तिशीतली पोरगी, नम्र, दात मोत्यासारखे. म्हणाली, "ताई, थोडे दिवस तुम्ही आराम करा. मी सांगते वंदना."

"आराम" हा शब्द मीनाबाईंच्या काळजात खिळ्यासारखा बसला. पस्तीस वर्षं बोलून जगलेल्या बाईला आराम! त्यांनी तिथेच मनाशी ठरवलं, पुढच्या वैशाखी पौर्णिमेला वंदना सांगेन तर मीच. पौर्णिमेला सगळ्या कॉलनीचे, बाहेरून आलेले पाहुणे असतात. त्यांच्यासमोर संघप्रिया उभी आणि आपण खाली चटईवर, हे चित्र त्यांना झोपेतही सहन होईना.

प्रदीप म्हणाला, कवळी करू. मीनाबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो पुढे दोन दिवस चहालाही थांबला नाही. खालच्या मजल्यावरच्या दाक्षायणीबाईंची कवळी पुतण्याच्या लग्नात मठ्ठ्याच्या वाटीत पडली होती, ती बाईंनी डोळ्यांनी बघितली होती. दात पाहिजेत तर पक्के. हाडात बसवलेले. ऐन वंदनेत जे हातात येणार नाहीत असे.

म्हणून सगळे दवाखान्यात गेले. सात रस्त्याकडचा नवा दवाखाना. काचेचं दार, आत हिवाळा. भिंतीवर हसणाऱ्या गोऱ्या माणसांचे फोटो, ज्यांनी उभ्या जन्मात ज्वारीची भाकरी बघितली नसेल. पहिल्या दिवशी तिथल्या मदतनीस मुलीने मशीन लावून मीनाबाईंचे उरलेले दात घासले. चाळीस-पन्नास वर्षांचा काळा थर अर्ध्या तासात बेसिनमध्ये गेला. आरशात बघून मीनाबाई खूश झाल्या. "बगा, आमचं दात मुळात पांढरंच हुतं," त्या म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टर दुसऱ्या खेपेला भेटल्या. डॉक्टर अपेक्षा. पुण्याहून शिकून आलेल्या, तरतरीत, पण घाईत. पेशंटच्या तोंडापेक्षा तोंडाच्या फोटोकडे त्यांचं लक्ष जास्त. पडद्यावर जबड्याचा फोटो लावून म्हणाल्या, "आजी, दात गेले तिथलं हाड झिजलंय. कागदासारखं पातळ झालंय. त्यात स्क्रू बसणार नाही. आधी तिथे हाड भरावं लागेल."

"कशाचं हाड?"

"पावडर असते. जनावराच्या हाडापासून बनवलेली, एकदम शुद्ध केलेली. रव्यासारखे दाणे. हिरडी उघडून ते भरायचे, वर पडदा लावायचा, टाके घालायचे. पाच-सहा महिन्यांत तुमचं स्वतःचं हाड त्यात वाढतं. ते धरलं, की मग दात."

प्रदीपचा चेहरा उतरला. मीनाबाईंनी मात्र एकदा भिंतीला टेकून उभ्या नवऱ्याकडे बघितलं. "घाला की. जनावर मेल्यावर बी कामाला येतंय. आमच्यात काय काय जित्तेपनी बी येत न्हाईत."

मग डॉक्टरांनी फॉर्म पुढे ओढला. मधुमेह? नाही. रक्तदाब? थोडा. "तंबाखू, गुटखा, सिगारेट, काही सवय?"

झालं. बाईंना सभा मिळाली. खुर्चीत आडव्या पडल्या पडल्या त्यांनी डॉक्टरांना तो तक्ता, तो जबडा, ३१ मे, वस्तीवरच्या पुरुषांना घ्यायला लावलेली शपथ, सगळं ऐकवलं. "तंबाखूवाल्याच्या शेजारी मी एसटीत बसत न्हाय," त्या म्हणाल्या. त्या खोटं बोलत होत्या का? अजिबात नाही. आगीत उभं केलं असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं. डॉक्टर अपेक्षा भारावल्या. "असे पेशंट मिळाले पाहिजेत," म्हणून त्यांनी फॉर्मवर "नाही" लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. एवढी शिकलेली बाई, एक साधा प्रश्न विचारायची राहिली: आजी, दात कशाने घासता? नागनाथांनी तोंड उघडलं होतं. मीनाबाईंनी बघितलं, त्यांनी मिटलं.

दिवाळीनंतर हाड भरलं. घरी येताना सूचनांचा कागद मिळाला. मऊ खा. औषधाने चुळा भरा. जागा स्वच्छ ठेवा. टाक्यांवर दहा दिवस ब्रश लावू नका. मीनाबाईंनी कागद चैतालीकडून मोठ्याने वाचून घेतला आणि अक्षर न् अक्षर पाळला. ब्रश त्यांनी लावलाच नाही. ब्रश त्या जन्मात कधी लावत नव्हत्या. जागा स्वच्छ ठेवा म्हटल्यावर त्यांनी तीनदाची मिश्री चारदा केली. टाक्यांवरून बोट हलक्या हाताने, प्रेमाने फिरवत. "हाड पोसायचं हाय," त्या म्हणत, "घाण राहून कसं चालंल?" तपासणीला गेल्या की मात्र तोंड खळखळून धुवून जात, बाहेर जाताना माणूस चेहरा धुतो तसं. टाके निघाले तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, जखम जरा सावकाश भरतेय, वयामुळे असेल. वयाचा उल्लेख मीनाबाईंना आवडला नाही.

संक्रांतीच्या सुमाराला घरात भलताच तंटा उभा राहिला. मीनाबाईंच्या दाताखाली कच लागू लागली. सकाळी बोट फिरवलं, की बोटाला बारीक बारीक पांढरे दाणे. पहिल्या दिवशी त्यांनी चैतालीला फैलावर घेतलं, पीठ चाळत नाहीस म्हणून. चैतालीने दुसऱ्या दिवशी पीठ दोनदा चाळलं. कच होतीच. तिसऱ्या दिवशी बाई पिठाचा डबा काखेत घेऊन थेट बसप्पाच्या गिरणीत गेल्या. बसप्पा अक्कलकोटकडचा, कानडी माणूस, पंचवीस वर्षं जुळे सोलापुरात दळण दळतोय.

"दगुड झिजलाय तुजा! आमी काय वाळू खायची?"

"न्हाय वो अव्वा," बसप्पा म्हणाला. त्याने डब्यातलं चिमूटभर पीठ सरळ जिभेवर टाकलं, घोळवलं, गिळलं. "लोण्यासारखं हाय की!"

त्याच्या गालात तंबाखूचा बार होता. मीनाबाईंना तो दिसला, आणि मग काय विचारता! "तोंडात तंबाखू भरलेल्याला कच कुटली कळतीय? जिबंचं कातडं झालंय तुज्या! आदी थुक, मग बोल!" दळणाला आलेल्या चार बाया हसल्या. बसप्पा ओशाळून मान खाली घालून पट्टा लावत बसला. पंचवीस वर्षांत त्याच्या पिठाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्या दिवशी ठेवलं, ते स्वतःच्या तोंडातून गळणारं हाड बोटावर घेऊन फिरणाऱ्या बाईने.

दोन दिवसांनी वरचा ओठ सुजला आणि हिरडीतून घाण वास येऊ लागला. पुन्हा सगळे दवाखान्यात. डॉक्टर अपेक्षांनी दिवा लावला, बारीक चिमट्याने हिरडी उचलली, आणि त्यांचं तोंड कडू झालं. पडदा उघडा पडला होता. हाडाचे दाणे सुटे होऊन बाहेर येत होते.

"धरलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळं साफ करून काढावं लागेल. पण असं व्हायला नको होतं. आजी, खरं सांगा, जागा स्वच्छ ठेवत होता ना?"

मीनाबाईंना अपमान सोसवेना. त्यांनी पिशवीतून डबी काढली आणि पुराव्यासारखी ट्रेवर ठेवली. "दिवसातनं चारदा घासते. ह्यी बगा."

डॉक्टरांनी झाकण उघडलं, वास घेतला, आणि झाकण परत लावलं. "आजी, ही मिश्री आहे."

"व्हय की."

"म्हणजे तंबाखू. उघड्या जखमेवर चार वेळा तंबाखू चोळलीत तुम्ही! रक्तच पोचत नाही तिथे. हाड धरणार कशाला?" आवाज चढला होता त्यांचा. त्यात निम्मा राग स्वतःच्या फॉर्मवरचा असणार, पण तो त्या बोलल्या नाहीत. आपल्या चुकीचा राग पेशंटवर काढायचा, हे पुण्यात शिकवतात की सोलापुरात, देव जाणे. त्या प्रदीपकडे वळल्या. "घरात कुणालाच हे माहीत नव्हतं? कुणी सांगायचं नाही?"

प्रदीप भिंतीवरच्या गोऱ्या माणसाचे दात बघू लागला. कोपऱ्यातून नागनाथ बोलले. रागाने नाही, विचारलं म्हणून सांगावं तसं. "मला घरात तंबाखूचा इषय काढायला बंदी हाय, मॅडम."

मदतनीस मुलीला हसू आलं, ती तोंडावरचा मास्क सावरत बाहेर गेली. मीनाबाईंनी ते बघितलं. वीस वर्षं त्यांनी सभा हसवल्या होत्या, पण आडवं पडून, तोंडाला लाईट लावून, हसू आपल्या अंगावर कसं येतं हे त्यांना पहिल्यांदा कळलं.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. आता जखम भरू द्या. मिश्री कायमची बंद. तीन महिने बंद राहिली तर पुन्हा हाड भरीन, नाहीतर मी हात लावणार नाही. म्हणजे यंदाची वैशाखी पौर्णिमा हातची गेली. पुढची हवी असेल तर बघा.

"त्यात काय अवघड हाय?" मीनाबाई म्हणाल्या. शिट्टी वाजली, पण ताठ मानेने म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली तेव्हा त्या स्वतः जिना उतरल्या आणि डबी गाडीत टाकली. उचलायची, टाकायची, संपलं.

पहिला दिवस रुबाबात गेला. दुसऱ्या दिवशी पोट साफ झालं नाही. तिसऱ्या दिवशी डोकं असं ठणकायला लागलं की त्या फडकं बांधून बसल्या आणि चैतालीने भांडं आपटलं म्हणून तिच्या माहेरचा उद्धार केला. बोट आपोआप तोंडात जायचं आणि कोरडंच हिरडीवर फिरायचं. त्यांनी टूथपेस्ट आणली, तिने तोंडाला फेस आला, दुसरं काही आलं नाही. चौथा दिवस रविवार होता. विहारात संघप्रिया वंदना सांगत होती, पोरगी चांगली सांगत होती. पाचवं शील आलं. मीनाबाईंना मागे वळायची सवय, पण त्या दिवशी वळल्या नाहीत. चटईच्या काड्या मोजत बसल्या. पाचव्या दिवशी त्या प्रदीपला म्हणाल्या, डॉक्टरीणच खुळी आहे. नाचता येईना, अंगण वाकडं. तिला हाड बसवता आलं नाही आणि नाव माझ्या डबीला. प्रदीप हो म्हणाला. तो कशालाही हो म्हणतो.

सहाव्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला चैताली भाजी आणायला गेली होती, प्रदीप कचेरीत होता. मीनाबाई स्वयंपाकघरात गेल्या, गॅस पेटवला आणि रिकामा तवा ठेवला. तवा तापला. तव्यावर घालायला काही नव्हतं. तशा त्या बाहेर आल्या आणि चपलांच्या कपाटासमोर उभ्या राहिल्या. वरच्या फळीवर नवऱ्याची पिशवी होती. ज्या पिशवीला त्यांनी जन्मात बोट लावलं नव्हतं, ती त्यांनी उचलली. वास आला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते वासाने आलं नव्हतं. एक चिमूट. भाजायला किती वेळ लागतो? आणि दात? दात काय, एवढ्या बायका बोळक्या तोंडाने जगतात. संघप्रिया सांगते वंदना, सांगू दे.

मान वर केली, तर गॅलरीत स्टुलावर नागनाथ बसलेले. ते त्यांच्याकडेच बघत होते.

काहीतरी बोलायलाच हवं होतं. मीनाबाईंच्या तोंडी पहिल्यांदा आलं ते नेहमीचंच, तुमच्या घाणीमुळं घर नासलं वगैरे. पण ते ओठापर्यंत येऊन थांबलं. हातात पिशवी धरून ते वाक्य म्हणता येत नाही. त्या पिशवी घेऊनच गॅलरीत गेल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. त्या कोपऱ्यात त्या कधीच बसल्या नव्हत्या.

"अवो," त्या म्हणाल्या, "तुमी अकरा दिवस कसं काढलं वो?"

लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली होती. बाईंनी नवऱ्याला बरंच काही सुनावलं होतं. पण काही विचारलं असं हे पहिलंच.

नागनाथ स्टुलावरून त्यांच्याकडे वळले. "पयलं सात दिवस लई वाईट," ते म्हणाले. "गिरणीत पाना हातात ठरत न्हवता. आठव्यापास्नं उतरतंय. अकराव्याला जेवन गोड लागलं. बाराव्या दिवशी सकाळी उठलो, तर पिशवीची याद बी न्हवती."

"मग?"

"मग तू चा घिऊन आलीस. आन हसलीस. म्हणलीस, किती दिवसाचं सोंग हाय ह्ये." ते गॅलरीच्या गजांकडे बघत म्हणाले. "मला वाटलं, सोंगच हाय तर कशाला करा."

स्वयंपाकघरात रिकामा तवा धुमसत होता. मीनाबाईंना ती सकाळ आठवली. कपाची दांडी तुटलेली होती, तेसुद्धा आठवलं. ही गोष्ट त्यांनी वीस वर्षं सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी आधी हसणं सांगितलं होतं, मग पिशवी. क्रम बरोबर होता. एवढ्या सभांत तो त्यांनी स्वतःच सांगितला होता, आणि एकदाही ऐकला नव्हता.

"आज तुजा कितवा?" नागनाथांनी विचारलं.

मीनाबाईंनी पदराचं टोक तोंडावर धरलं. दोन दातांच्या फटीतून शब्द गळाला, शिट्टी वाजली.

"सहावा."

नागनाथांनी हात लांब करून पिशवी मागितली नाही. "मंजी उद्याचा तेवडा वाईट हाय," ते म्हणाले. "जा, तवा उतरव." आणि ते हसले नाहीत.